डाव्या पिळाची दोरी

"टोक सोडू नकोस, मी येतेय."

थोरलीच्या तोंडचं हे वाक्य सगळ्या इमारतीला पाठ होतं. दुसऱ्या मजल्याच्या लांबलचक बोळातून ते दिवसातून वीस-पंचवीस वेळा ऐकू यायचं. तळमजल्यावरचा शिंपी कापड बेतता बेतता तिची हुबेहूब नक्कल करायचा आणि गिऱ्हाईक हसायचं. पुढं मात्र असे दिवस आले, की बोळाच्या दुसऱ्या टोकाला माणूसच नसायचं. भिंतीत ठोकलेला एक लोखंडी आकडा तेवढा असायचा, आणि थोरली त्या आकड्यालाच बजावायची, "टोक सोडू नकोस, मी येतेय." तेव्हापासून शिंप्यानं नक्कल करणं सोडून दिलं.

थोरलीचं काम गोंड्यांचं. पडदा बाजूला सारून बांधायचा तर त्याला दोरी लागते, आणि दोरीच्या टोकाला गोंडा. उशीच्या चार कोपऱ्यांना गोंडे, कपाटाच्या किल्लीला गोंडा, दिव्याच्या झुंबराखाली गोंडा. शिवाय मण्यांच्या माळा. काचेचे, लाकडाचे, शिंपल्याचे मणी दोऱ्यात गाठी मारून ओवायचे आणि खिडकीत सोडायचे. ऊन आलं की भिंतीवर रंगांचे ठिपके हलतात. थोरलीच्या स्वतःच्या खिडकीत मात्र एकही माळ नव्हती. उन्हानं रेशमाचा रंग उडतो म्हणून ती खिडकी वर्षभर जाड कापडानं झाकलेली असायची.

गोंड्याचा झुपका कुणीही कापतं. खरी मेहनत दोरीची. रेशमाचे बारा-बारा पदर घ्यायचे, एका टोकाला एकीनं धरायचं, दुसरीनं बावीस पावलांवर उभं राहून टोकात काठी अडकवायची आणि ती फिरवत राहायची. पीळ बसत जातो तशी दोरी आखडते, आणि पीळ देणारी इंच-इंच पुढं ओढली जाते. दोरीत जीव आल्यासारखा वाटतो. हातावर घेतली तर कापेल इतकी ती ताठ होते. मग काठीवर दोरी गुंडाळत, ती तसूभरही सैल पडू न देता, पीळ देणारीनं चालत यायचं आणि टोकाशी टोक मिळवायचं. दुमडलेली दोरी आपल्या आपण स्वतःभोवती फिरते आणि जन्मभरासाठी घट्ट होते. या साऱ्या खटाटोपात टोक धरणारीचं काम एकच. सोडायचं नाही. सोडलं, तर एवढा वेळ कोंडलेला पीळ एका क्षणात उलटतो आणि बावीस पावलांची दोरी गुंतवळ होऊन पडते. मग ती कात्रीनं कापून टाकण्यापलीकडं गत नाही.

थोरलीसमोर टोक धरायला तिची पाठची बहीण होती. इमारतीत तिला धाकटीच म्हणत. दोघींत सहा वर्षांचं अंतर. वडील याच धंद्यातले; त्यांनीच दोघींना तयार केलं. धाकटी डावखुरी. शाळेत बाईंनी तिचा डावा हात बांधून ठेवला, तेव्हा वडील शाळेत गेले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं ही खोट असेल. माझ्याकडं हे भांडवल आहे. सोडा तो हात."

भांडवलच होतं ते. उजव्या हातानं दिलेला पीळ एका अंगाला झुकतो, डाव्या हाताचा दुसऱ्या अंगाला. खिडकीच्या दोन पडद्यांना दोन गोंडे लागतात. दोन्ही एकाच पिळाचे असतील तर ते रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारखे एकाच दिशेला बघतात. एक उजव्या पिळाचा आणि एक डाव्या पिळाचा असेल तर दोघं एकमेकांकडं बघतात. वडील म्हणत, "त्याला जोडी म्हणतात. बाकीचे नुसते दोन नग."

उजवा गोंडा थोरलीचा, डावा धाकटीचा. थोरली पीळ द्यायची तेव्हा धाकटी धरायची, धाकटी पीळ द्यायची तेव्हा थोरली. वडील गेले, आई गेली, बोळातले भाडेकरू तीनदा बदलले, पण दोघी बोळाच्या दोन टोकांना उभ्याच होत्या. लग्नाचं बोलणं थोरलीपुढं निघालंच नाही आणि धाकटीपुढं निघालं तेव्हा थोरलीनं मोडून काढलं. "एवढ्या ऑर्डरी पडल्यात, पुढच्या वर्षी बघू." पुढची वर्षं ओळीनं आली आणि ओळीनं गेली.

मग एका दुपारी, दोरी अगदी शेवटच्या पिळाला आलेली असताना, धाकटी बोळाच्या त्या टोकावरून म्हणाली, "ताई, मी लग्न करतेय."

"काय?"

"लग्न! घड्याळवाल्याशी!"

बावीस पावलांवरून सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागतं. बोळातली सगळी दारं उघडी होती. भांड्यांचे आवाज थांबले. घड्याळवाला म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळदुरुस्तीवाला, बायको जाऊन सात वर्षं झालेला, मान खाली घालून डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस. थोरलीला हसू आलं. आतून रडू येत असेल, पण बाहेर आलं ते हसूच. ती म्हणाली, "सेहेचाळिसाव्या वर्षी? दुरुस्तीला टाकतेयस की काय स्वतःला?"

कुणीतरी दाराआडून खुदकन हसलं. आणि धाकटीच्या हातातलं टोक गेलं.

सापासारखी उसळत दोरी थोरलीच्या पायाशी येऊन पडली. लाल रेशमाची गुंतवळ. थोरलीनं ती उचलली नाही. "जा," ती म्हणाली, "आणि परत धरायला येऊ नकोस."

धाकटी गेली. चार गल्ल्या पलीकडं, घड्याळवाल्याच्या घरी. आणि थोरलीच्या मनात एक प्रश्न राहून गेला, काट्यासारखा. टोक तिनं सोडलं, की तिच्या हातून सुटलं? हसू ऐकून हात ढिला पडला असेल, तर ती चूक. माणसाकडून होते चूक. पण जाणूनबुजून सोडलं असेल तर... याच्या पुढं थोरली जात नसे. ती लाल गुंतवळ तिनं कापली नाही. पत्र्याच्या डब्यात तशीच ठेवली.

नऊ वर्षं गेली.

भिंतीत आकडा बसला. आकडा टोक सोडत नव्हता, हे खरं. पण तो डाव्या हातानं पीळही देत नव्हता. थोरलीनं काठी उलटी फिरवून पाहिली. महिना-दोन महिने झटली. पीळ एके जागी घट्ट, एके जागी पोकळ. दोरी आजारी माणसासारखी दिसायची. शेवटी एक दिवस तिनं दोन्ही गोंडे उजव्याच पिळाचे केले आणि कागदात गुंडाळून पडदेवाल्याच्या दुकानात नेऊन दिले. देताना तिचे कान लाल झाले होते.

पडदेवाल्यानं ते पाहिले, खोक्यात टाकले आणि म्हणाला, "चहा घेणार?"

त्याला कळलंच नाही. कुणालाच कळलं नाही. एकही जोडी परत आली नाही, एकाही गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं नाही. थोरलीला बरं वाटायला हवं होतं. पण त्या दिवशी घरी येऊन ती भिंतीला टेकून बराच वेळ बसून राहिली. बापानं जी गोष्ट प्राणापलीकडं जपली, ती जगात फक्त तीन माणसांना दिसत होती. त्यातलं एक मातीत गेलं होतं आणि एक चार गल्ल्या पलीकडं. जिला दिसतं ती एकटीच उरल्यावर दिसूनही काय उपयोग?

त्यानंतर ती माल द्यायला मागच्या दारानं जाऊ लागली. दुकानाच्या दर्शनी काचेत तिचेच गोंडे टांगलेले असत. तिकडं ती ढुंकूनही बघत नसे. दोन्ही एकाच दिशेला बघणारे आपले गोंडे बघायची तिला लाज वाटे.

यंदा पडदेवाल्यानं दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे गेले होते, शिडी चढवत नव्हती. त्यानं निरोप धाडला, की उरलेला माल घेऊन जा. थोरली गेली. त्यानं एक खोकं तिच्या हातात ठेवलं. "अकरा जोड्या आहेत. शनिवारी शटर ओढतो. तुम्हीही आता बसा निवांत, गोंडेबाई. किती दिवस भिंतीशी बोलणार?"

"भिंत मधे तोंड घालत नाही," थोरली म्हणाली आणि खोकं उचलून निघाली.

घरी येऊन तिनं खोकं उघडलं. धूळ बसली असेल, झुपके विंचरून ठेवावेत, एवढाच विचार. पहिली जोडी हातात घेतली, सवयीनं अंगठा दोरीवरून फिरवला आणि तो अंगठा अडला. रेशीम बोटाखाली उलटं जात होतं. थोरली उठली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिनं खिडकीवरचं जाड कापड बाजूला सारलं. उजेडात दोन्ही गोंडे शेजारी-शेजारी धरले. ते एकमेकांकडं बघत होते.

तिनं दुसरी जोडी काढली, तिसरी काढली. अकरापैकी दहा जोड्यांत एक गोंडा डाव्या पिळाचा होता; अकरावी जोडी तिनं परवाच टाकलेली. झुपका तिचाच, कापही तिच्याच कात्रीचा. पण झुपक्याच्या वर दोरा वेढून बांधलेला गळा कुणीतरी उसवला होता, तिची दोरी काढून डाव्या पिळाची दोरी आत बसवली होती आणि गळा पुन्हा बांधला होता. थोरली गळ्याला नऊ वेढे द्यायची. इथं सात होते. सात वेढे देऊन थांबणारं माणूस तिनं जन्मात एकच पाहिलं होतं. त्यावरून दोघींचं तीस वर्षं भांडण चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर बसून होती.

"हे कुणी केलं?" तिनं गोंडा पुढं केला.

पडदेवाल्यानं चष्मा वर ढकलला. "म्हणजे? तुमची बहीण करते ना. तुम्ही माल टाकून गेलात की चार-आठ दिवसांत येते, जोड्या घेऊन जाते, आठवड्यानं आणून देते. मला वाटलं तुम्हीच पाठवता. शेवटचा हात फिरवायला."

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून. नऊ वर्षं झाली की. एकदा विचारलं मी, बाई, तुमचं काय द्यायचं? तर म्हणाली, माझं काही नाही, काचेत दोन्ही एकाच अंगाला बघत होते म्हणून." तो थांबला. थोरलीचा चेहरा बघून त्याला काहीतरी उमजलं. "अरे देवा. तुम्हाला माहीतच नव्हतं?"

थोरलीनं गोंडा मुठीत मिटला.

"एक जोडी अजून तिच्याकडं आहे," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्याची. शनिवारी चार वाजता आणून देईल. पाचला त्या न्यायला येणार. मग आपलं शटर. बघा बुवा तुमचं तुम्ही."

त्या चार दिवसांत थोरलीनं एकही दोरी ओढली नाही. बोळाच्या या टोकाला खुर्ची टाकून ती आकड्याकडं बघत बसायची. नऊ वर्षं आपण एकटीनं काम केलं, हा तिचा हिशेब होता. एकटेपण कडू असलं तरी ते तिचं होतं, कमावलेलं होतं. आता तेही खरं नव्हतं. आणि शनिवारी दुकान बंद झालं की दोघींचे हात एका वस्तूला लागायची ती एकुलती एक जागा संपणार होती. जायचं की नाही, हे ठरत नव्हतं. आणि गेलं तर काय विचारायचं, हे नऊ वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं.

शनिवारी चार वाजता ती दुकानात होती. या खेपेला पुढच्या दारानं. दुकान ओळखू येत नव्हतं. कपाटं गेली होती, पडद्यांचे गठ्ठे गेले होते. समोरच्या काचेपासून मागच्या भिंतीपर्यंत नुसती लांबच लांब फरशी. पडदेवाला एका स्टुलावर बसून खिळे वेगळे करत होता.

धाकटी आली. केस पार पांढरे झालेले, अंगानं थोडी भरलेली. थोरलीला बघून ती उंबऱ्यावरच थबकली. मग पिशवी छातीशी धरून आत आली आणि पडदेवाल्याला म्हणाली, "जोडी पुरी झाली नाही. डावी दोरी राहिलीय. घरी यांचे हात आता थरथरतात. टोक धरवत नाही त्यांना."

"मग काय करायचं?" पडदेवाल्यानं विचारलं, पण बघत होता थोरलीकडं. "माझ्या दुकानातून शेवटच्या दिवशी अर्धी जोडी जायची नाही हं, आधीच सांगतो."

थोरलीनं हात पुढं केला. "रेशीम आणलंयस?"

"आणलंय."

"गळा सातच वेढ्यांचा करतेस अजून. सैल पडतो."

"नऊ वेढ्यांनी श्वास कोंडतो त्याचा," धाकटी म्हणाली. "तुझं सगळंच आवळून."

पडदेवाल्यानं खिळ्यांच्या डब्यात डोकं घातलं.

थोरली मागच्या भिंतीशी गेली आणि तिनं टोक धरलं. धाकटी समोरच्या काचेकडं मोजत चालत गेली. एकोणीसच पावलं भरली. तिनं पिशवीतली काठी अडकवली आणि डाव्या हातानं फिरवायला सुरुवात केली. रिकाम्या दुकानात काठीचा तो घरंगळणारा बारीक आवाज तेवढा होता. दोरी थरथरली, आखडली, ताठ झाली. थोरलीच्या मुठीत तिचा पीळ येऊन भिडला. नऊ वर्षांत आकड्याला जे कळत असेल ते तिच्या हाताला कळलं. पलीकडं कुणीतरी ओढतंय.

दोरी भरत आली. आणि थोरलीनं विचारलं. एकोणीस पावलांवरून विचारायचं म्हणजे मोठ्यानंच विचारावं लागतं.

"त्या दिवशी टोक सुटलं होतं, की सोडलं होतंस?"

काठी थांबली. धाकटी 'सुटलं' म्हणू शकली असती. काय बिघडणार होतं? थोरलीनं ते पदरात घेतलं असतं आणि सुखानं घरी गेली असती.

"सोडलं होतं," धाकटी म्हणाली. "सगळ्यांसमोर हसलीस तू. बोळातल्या सगळ्यांसमोर."

थोरलीची मूठ ढिली पडली. दोरी बोटांतून तसूभर सरकली. पडदेवाल्यानं मान वर केली. एवढंच करायचं होतं. बोटं उघडायची. फिट्टंफाट झाली असती. नऊ वर्षांपूर्वीची गुंतवळ आता धाकटीच्या पायाशी जाऊन पडली असती.

थोरलीनं मूठ आवळली. दुसरा हातही त्या मुठीवर ठेवला.

"मग डावे गोंडे कशाला करत बसलीस नऊ वर्षं?"

"गोंड्यांनी काय पाप केलंय?" धाकटी म्हणाली. काठीवर दोरी घेत ती एक पाऊल पुढं आली. "टोक सोडू नकोस. मी येतेय."

ती आली. टोकाशी टोक मिळालं. दोरी आपल्या आपण फिरली आणि घट्ट झाली. दोघींची डोकी त्या दोरीवर वाकलेली होती, पण बोटं एकमेकींना लागली नाहीत. धाकटीनं दोरी गोंड्यात बसवली. गळा बांधताना तिनं सात वेढे दिले, थांबली, आणि आठवा दिला.

डॉक्टरीणबाई आल्या, जोडी पर्समध्ये टाकून "छान आहेत" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी नीट पाहिलंही नाही.

"सोमवारी येशील बोळात?" थोरलीनं विचारलं. नजर फरशीवर.

"सोमवारी यांचा डॉक्टर आहे."

"मंगळवारी?"

धाकटीनं काठी पिशवीत ठेवली. "आता आमचं जाणं व्हायचंय, ताई. यांच्या मुलीकडं. हातांचं वाढत चाललंय, तिकडं दवाखाना जवळ पडतो. महिनाअखेर निघू."

थोरलीनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. मग पिशवीतून तिनं एक पत्र्याचा डबा काढून धाकटीच्या हातात दिला. धाकटीनं झाकण उघडलं. आत लाल रेशमाची गुंतवळ होती, नऊ वर्षांत जराही न विटलेली. "तुला जमलं तर सोडव. तुझे हात बारीक आहेत. घाई नाही."

ती निघाली. पायरी उतरली आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागली, पाठ ताठ, पिशवी डाव्या खांद्याला. धाकटी डबा छातीशी धरून दारात उभी होती.

बाविसाव्या पावलाला थोरली थांबली. सवय होती पायांची. तिथं ती वळायची, काठी हातात घ्यायची. आताही वळली. मधे संध्याकाळची वर्दळ होती, सायकली होत्या, एक भाजीची गाडी होती. त्या सगळ्यातून दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. थोरलीनं हात उचलला नाही. मग ती पुन्हा पाठमोरी झाली आणि तेविसावं पाऊल टाकलं.

मागं पडदेवाला शटरच्या दांड्याला हात घालून उभा होता. "बाई, ओढू का?"

"थांबा जरा," धाकटी म्हणाली.

थोरली शिंप्याच्या दुकानाशी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. डाव्या हाताची मूठ तिनं घट्ट मिटलेली होती.